अमेरिकी नागरिकाशी लग्न झाल्यावर ग्रीन कार्ड: कागद कुठे अडतात आणि का

नवरा किंवा बायको अमेरिकेची नागरिक असेल, तर भारतीयांना ग्रीन कार्डासाठी जी वर्षानुवर्षांची रांग लावावी लागते ती तुम्हाला लागू नाही. नोकरीच्या वाटेने जाणाऱ्यांना देशवार कोटा असतो. नागरिकाच्या जोडीदाराला कायद्याने ‘इमिजिएट रिलेटिव्ह’, म्हणजे निकटचे नातेवाईक, मानले जाते आणि या गटाला वार्षिक मर्यादाच नाही. जो वेळ जातो तो फक्त अर्जावर काम होण्यात. भारतात राहून मुंबईतल्या कॉन्सुलेटमार्फत जायचे असेल, तर सगळे मिळून वर्षभराहून जास्त धरून चाला. जोडीदाराकडे नुसते ग्रीन कार्ड असेल, तर मात्र तुम्ही एफ-२ए या मर्यादित गटात येता आणि रांग कुठवर आली हे सांगणाऱ्या दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनवर नजर ठेवावी लागते. मध्येच जोडीदार नागरिक झाला, तर नागरिकत्वाचे प्रमाणपत्र पाठवून तोच अर्ज वरच्या गटात नेता येतो, नवा भरायची गरज नसते.

ही प्रकरणे फॉर्म अवघड आहे म्हणून फारशी अडकत नाहीत. फॉर्म हातात घेण्याआधीच्या दोन गोष्टींत गडबड झालेली असते: अर्ज कुठून करायचा हा निर्णय, आणि वेगवेगळ्या कागदांवर पडलेली वेगवेगळी नावे आणि तारखा. म्हणून या दोन्हींवर इथे सगळ्यात जास्त लिहिले आहे.

आधी वाट ठरवा, मग तिकीट काढा

वाटा दोन आहेत. तुम्ही भारतात असाल, तर नागरिक जोडीदार आय-१३० हा नात्याचा अर्ज भरतो, तो मंजूर झाला की फाइल न्यू हॅम्पशरमधल्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे मुलाखतीआधी फी आणि कागद गोळा करणाऱ्या सरकारी केंद्राकडे, जाते आणि शेवटी मुलाखत होते. महाराष्ट्र-गोव्यातल्या अर्जदारांची मुलाखत मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कॉन्सुलेटमध्ये असते, आणि अशा फाइलचा क्रमांक ‘बीएमबी’ या अक्षरांनी सुरू होतो. तुम्ही एच-१बी (नोकरीचा), एफ-१ (विद्यार्थ्याचा) किंवा अशा एखाद्या व्हिसावर आधीच अमेरिकेत असाल, तर आय-१३० आणि आय-४८५ हा ग्रीन कार्डाचा अर्ज एकत्र भरून तिथेच ग्रीन कार्ड घेता येते. याला ‘ॲडजस्टमेंट ऑफ स्टेटस’ म्हणतात.

अमेरिकेतून अर्ज करणाऱ्या नागरिकाच्या जोडीदाराला एक मोठी सवलत आहे. तुम्ही रीतसर तपासणी होऊन देशात शिरला असाल, तर मुदत उलटून गेलेली असली किंवा परवान्याशिवाय थोडे काम केलेले असले तरी केवळ तेवढ्यावरून अर्ज नाकारला जात नाही. पण ही सवलत देशात असेपर्यंतच. बेकायदा मुक्काम १८० दिवसांहून जास्त झाला असेल आणि तुम्ही देश सोडला, तर ३ वर्षे परत येता येत नाही. एक वर्ष किंवा त्याहून जास्त झाला असेल, तर १० वर्षे. आई आजारी आहे म्हणून घाईत निघालेला माणूस याच नियमात सापडतो. शिवाय नुसता अर्ज भरल्याने कायदेशीर दर्जा मिळत नाही. आय-१३० चालू आहे म्हणजे मुदत संपली तरी राहता येते, हा समज चुकीचा आहे. मुदत उलटलेली असेल, कधी अटक झालेली असेल किंवा पूर्वी व्हिसा नाकारला गेला असेल, तर फॉर्म भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाला पैसे द्या. इथे ओळखीच्या एजंटवर विसंबू नका.

‘टुरिस्ट व्हिसावर जाऊ, तिथेच अर्ज करू’ हा सल्ला नातेवाइकांकडून हमखास मिळतो. तो मानू नका. विमानतळावर ‘फिरायला आलो’ असे सांगायचे आणि मनात कायमचे राहायचे असेल, तर ते खोटे निवेदन ठरते. त्याचा ठपका एकदा बसला की तो आयुष्यभर पाठ सोडत नाही, माफीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. आल्यापासून ९० दिवसांच्या आत लग्न करून राहायचा घाट घातला, तर संशय अधिकच बळावतो. लग्नासाठीच अमेरिकेत जायचे असेल तर के-१ हा वाग्दत्त जोडीदाराचा व्हिसा आहे. पण त्यात ९० दिवसांत लग्न आणि नंतर पुन्हा आय-४८५ असा दुहेरी खर्च होतो. भारतात लग्न करून मुंबईतून जाणे बहुतेकांना सोयीचे पडते, कारण विमानातून उतरल्या दिवसापासून काम करता येते.

जे-१ या देवाणघेवाण कार्यक्रमांच्या व्हिसावर गेलेल्यांनी, त्यातही डॉक्टरांनी, आपल्याला दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट लागू आहे का हे आधी पाहावे. अमेरिकी नागरिकाशी लग्न केल्याने ती अट आपोआप सुटत नाही.

लग्नाची तारीख नेमकी कोणती?

आपल्याकडे एका जोडप्याची दोन लग्ने होतात: जानेवारीत विशेष विवाह कायद्याखाली कोर्ट मॅरेज आणि डिसेंबरमध्ये कार्यालयात मंगलाष्टका. कायद्याच्या नजरेत लग्न जानेवारीतले. आय-१३०, डीएस-२६० हा ऑनलाइन व्हिसा अर्ज, टॅक्स रिटर्न, सगळीकडे तीच तारीख लिहा आणि डिसेंबरचे फोटो ‘नंतरचा धार्मिक विधी’ असे नमूद करून जोडा. मधल्या काळात कुठल्याही व्हिसा अर्जावर ‘अविवाहित’ लिहिलेत तर ते मुलाखतीत बाहेर येते.

विशेष विवाह कायद्यात ३० दिवसांची नोटीस असते आणि दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात नोटिशीआधी किमान ३० दिवस राहिलेले असावे लागते. दोन आठवड्यांच्या रजेवर आलेल्या जोडीदाराला म्हणून आयत्या वेळी हे जमत नाही. दोघेही हिंदू असतील, तर विधिवत लग्न करून महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली नोंदणी करणे सोपे जाते. त्यासाठी लग्नपत्रिका, लग्नविधीचा फोटो, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही लागते. गुरुजींची सही कार्यालयातच, त्याच दिवशी घ्या. नंतर त्यांना शोधत फिरण्यात रजा संपते. शहरात ही नोंदणी महापालिकेत होते, गावात ग्रामपंचायतीत. जोडीदार परत जाण्याआधी प्रमाणपत्राच्या दोन-तीन सही-शिक्क्याच्या प्रती हातात घ्या.

व्हिडिओ कॉलवर लागलेले लग्न नंतर दोघे प्रत्यक्ष एकत्र आल्याशिवाय इमिग्रेशनसाठी लग्न धरले जात नाही. आधी एखाद्याचा घटस्फोट झाला असेल, तर न्यायालयाचा अंतिम हुकूमनामा हवा. स्टँप पेपरवर लिहून घेतलेली फारकत पुढे केलीत की प्रकरण अडते, कारण आधीचे लग्न कायद्याने संपले होते की नाही याच प्रश्नावर दुसऱ्या लग्नाची वैधता ठरते.

नावे जुळवणे

मराठी नावांची पद्धत अमेरिकी फॉर्मला समजत नाही. जन्मदाखल्यावर फक्त ‘मुलगी’, शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे मधले नाव, आधारवर नवऱ्याचे, पासपोर्टवर माहेरचे आडनाव आणि विवाह प्रमाणपत्रावर सासरचे पहिले नावही नवे, असा एकाच बाईचा कागदोपत्री पाच जणींचा संसार होतो. उपाय साधा आहे, पण तो वेळेवर करायला हवा.

पासपोर्टवरचे नाव हेच मुख्य नाव माना. प्रत्येक फॉर्ममध्ये तेच, त्याच स्पेलिंगने. बाकीची सगळी नावे ‘वापरलेली इतर नावे’ या रकान्यात लिहा, एकही वगळू नका. नाव बदलायचे असेल तर आय-१३० भरण्याआधी पासपोर्ट नव्याने काढा, नाहीतर ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत माहेरचेच नाव ठेवा. मधल्या टप्प्यावर बदलले की पोलिस दाखला, वैद्यकीय अहवाल आणि व्हिसा फाइल तीन वेगळ्या नावांवर जातात. पुढे अमेरिकेचे नागरिकत्व घेताना त्याच अर्जातून नाव बदलून मिळते, म्हणून आज घाई करण्याचे कारण नाही.

जन्मदाखला हा दुसरा अडथळा. त्यावर तुमचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि आई-वडील दोघांची नावे हवीत. बाळाच्या नावाचा रकाना कोरा असेल, तर ज्या महापालिकेत, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जन्माची नोंद आहे तिथे जाऊन नाव घालून घ्या. नोंदच सापडत नसेल, तर त्याच कार्यालयाकडून ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला घ्या आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला आणि दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडा. प्रतिज्ञापत्रात त्या व्यक्तीने स्वतःची जन्मतारीख, तुमच्याशी नाते आणि जन्माची माहिती आपल्याला कशी, हे लिहायला हवे. तुमच्याहून लहान असलेल्या चुलतभावाचे प्रतिज्ञापत्र कुणी मानणार नाही. जन्मानंतर वर्षाहून उशिरा नोंद झाली असेल, तरी हे जोडपुरावे सोबत ठेवाच.

मराठीत असलेल्या प्रत्येक कागदाचे पूर्ण इंग्रजी भाषांतर लागते. शिक्क्यावरचा मजकूर आणि मागची बाजूसुद्धा. भाषांतरकाराने ‘मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण व अचूक आहे’ असे लिहून सही, नाव, पत्ता आणि तारीख टाकली की पुरते. नोटरीचा खर्च करावा लागत नाही.

आय-१३० आणि लग्न खरे असल्याचा पुरावा

हा अर्ज नागरिक जोडीदाराने भरायचा. सोबत तुमच्या माहितीचा आय-१३०ए, नागरिकत्वाचा पुरावा, विवाह प्रमाणपत्र, आधीचे घटस्फोट असतील तर त्यांचे हुकूमनामे आणि दोघांचे दोन इंच बाय दोन इंचाचे फोटो. एप्रिल २०२४ पासून फी ऑनलाइन ६२५ डॉलर, कागदी अर्जाला ६७५ डॉलर. फी आणि फॉर्मची आवृत्ती दोन्ही बदलत असतात. जुन्या आवृत्तीचा फॉर्म तसाच परत येतो, म्हणून पाठवण्याच्या दिवशी यूएससीआयएस या अमेरिकी इमिग्रेशन खात्याच्या पानावर तपासा.

ठरवून केलेल्या लग्नात ओळख थोड्या दिवसांची असते आणि त्याने घाबरायचे कारण नाही. अधिकाऱ्याला प्रेमकथा नको असते, दोन कुटुंबे आणि दोन आयुष्ये खरोखर जोडली गेली का हे पाहायचे असते. स्थळ कसे आले, बायोडेटा कुणी पाठवला, पहिली भेट कुठे झाली, साखरपुडा कधी झाला हे एका पानात तारखांसह लिहा. मग त्याचे पुरावे: लग्नपत्रिका, कार्यालयाची आणि केटररची बिले, दोन्हीकडच्या आई-वडिलांसह फोटो, भेटीला आल्याची विमान तिकिटे आणि पासपोर्टवरचे शिक्के, हॉटेलची बिले, पैसे पाठवल्याच्या नोंदी, विमा किंवा खात्यावर जोडीदाराचे नाव. शंभर फोटोंपेक्षा वेगवेगळ्या प्रसंगांतले पंधरा-वीस फोटो, प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण आणि माणसांची नावे, हे जास्त कामाचे. व्हॉट्सॲपची शेकडो पाने छापू नका. दर महिन्याचे एक-दोन नमुने पुरतात.

फक्त ग्रीन कार्डासाठी केलेले लग्न हा गुन्हा आहे: ५ वर्षांपर्यंत कैद, २,५०,००० डॉलरपर्यंत दंड, आणि पुढे कुठल्याही नात्याने ग्रीन कार्ड मिळण्याची वाट बंद.

तुमच्या आधीच्या लग्नाचे मूल असेल, तर ते तुमच्या अर्जात आपोआप धरले जात नाही. नागरिक जोडीदाराने त्याच्यासाठी वेगळा आय-१३० भरायचा, आणि मूल १८ वर्षांचे होण्याआधी तुमचे लग्न झालेले असले पाहिजे.

आर्थिक हमी: आय-८६४

जोडीदाराचे उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के हवे. २०२५ च्या कोष्टकात दोघांच्या कुटुंबाला, अलास्का आणि हवाई सोडून, ही रक्कम २६,४३७ डॉलर होती. दरवर्षी ती बदलते. ‘कुटुंब’ मोजताना चूक होते. जोडीदाराने आधी आपल्या आई-वडिलांना ग्रीन कार्डावर आणले असेल आणि ती हमी अजून चालू असेल, तर तेही मोजणीत येतात. दोघांचे चौघे होतात आणि लागणारी रक्कम एकदम चढते.

उत्पन्न कमी पडले तर जितके कमी पडते त्याच्या तिप्पट मालमत्ता दाखवता येते, मात्र ती वर्षभरात रोख करता येण्यासारखी हवी. नाहीतर अमेरिकेत राहणारा एखादा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक सहहमीदार घ्या. त्या माणसाला सही करण्याआधी स्पष्ट सांगा की हे सौजन्यपत्र नाही. ही हमी तुम्ही नागरिक होईपर्यंत किंवा साधारण १० वर्षांच्या कामाच्या ४० तिमाह्या भरेपर्यंत चालते, आणि घटस्फोटाने ती संपत नाही.

जोडीदार सध्या पुण्यात किंवा दुबईत राहत असेल, तर त्याला अमेरिकेत परतण्याची तयारी दाखवावी लागते: तिथली नोकरी, भाड्याचा करार, बँक खाते, मुलांची शाळा. भारतात राहून रिटर्न न भरलेले नागरिक इथे अडकतात, कारण अमेरिकी नागरिकाला जगात कुठेही राहिले तरी रिटर्न भरायचे असते. ते आधी भरून घ्या.

मुंबईची मुलाखत

नॅशनल व्हिसा सेंटरला ३२५ आणि १२० डॉलर अशा दोन फी भरल्यावर डीएस-२६० उघडतो. कागद अपलोड करताना पुढची-मागची बाजू, रंगीत आणि कडा न कापता स्कॅन करा. पोलिस दाखला पासपोर्ट कार्यालयाकडूनच घ्यायचा, चौकीचा चालत नाही. वयाच्या १६ व्या वर्षानंतर एखाद्या दुसऱ्या देशात १२ महिने किंवा जास्त राहिला असाल, तर त्या देशाचाही दाखला लागतो. आखातात काम केलेल्यांनी हे सगळ्यात आधी हाती घ्यावे. सेंटरच्या पत्रांना वर्षभर काहीच उत्तर दिले नाही, तर फाइल बंद होऊ शकते.

वैद्यकीय तपासणी कॉन्सुलेटने नेमलेल्या डॉक्टरकडेच होते. लसीकरणाची जुनी नोंद असेल ती न्या, नाहीतर तिथे पुन्हा लसी टोचतात. प्रौढांच्या छातीचा एक्स-रे काढतात, आणि त्यात जुन्या क्षयाचा डाग दिसला तर थुंकीचे तीन नमुने घेऊन कल्चरला पाठवतात. त्याचा निकाल यायला ८ आठवडे लागतात. पूर्वी क्षयाचे उपचार झाले असतील तर औषधांचे कागद शोधून ठेवा, मुलाखतीच्या तारखेआधी पुरेसा वेळ सोडून तपासणी करा, आणि पासपोर्टवर व्हिसा छापून मिळेपर्यंत नोकरीचा राजीनामा देऊ नका, घर रिकामे करू नका.

मुलाखतीला मूळ कागद न्या. प्रश्न बहुधा साधे असतात: कसे भेटलात, जोडीदार काय काम करतो, आधी कुणाचे लग्न झाले होते का, तिथे घरात कोण कोण असते. पाठ केलेली उत्तरे देऊ नका. जे माहीत नाही ते ‘माहीत नाही’ म्हणा. मराठीत बोलायचे असेल तर तसे सांगता येते. हातात २२१-जी ची, म्हणजे निर्णय तूर्त थांबवल्याची, चिठ्ठी मिळाली, तर बहुतेक वेळा एखादा कागद कमी असतो. चिठ्ठीवर मागितले तेवढेच आणि सांगितलेल्या मार्गानेच द्या.

व्हिसा मिळाल्यावर २३५ डॉलरची इमिग्रंट फी ऑनलाइन भरा, ती भरल्याशिवाय कार्ड छापले जात नाही. कार्ड टपालाने येईपर्यंत शिक्का बसलेला व्हिसाच वर्षभर ग्रीन कार्डाचे काम करतो.

अमेरिकेतून अर्ज करणाऱ्यांसाठी

आय-४८५ ची फी १,४४० डॉलर. कामाच्या परवान्याच्या आय-७६५ ला २६० आणि प्रवासाच्या परवानगीच्या आय-१३१ ला ६३० डॉलर वेगळे. वैद्यकीय आय-६९३ डिसेंबर २०२४ पासून अर्जासोबतच द्यावा लागतो, आणि डॉक्टरांनी बंद केलेले पाकीट तुम्ही फोडायचे नाही. कामाचा परवाना हातात येण्याआधी नवीन काम सुरू करू नका. प्रवासाची परवानगी न घेता देश सोडला की अर्ज सोडून दिला असे धरतात. एच-१बी, एच-४ (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाचा) आणि एल (कंपनीतल्या बदलीचा) व्हिसा चालू ठेवलेल्यांना यात सूट आहे, म्हणून अर्ज केला तरी एच-१बी टिकवून ठेवणे शहाणपणाचे. एफ-१ वाल्यांना ही सूट नाही.

दोन वर्षांचे कार्ड

अमेरिकेत शिरताना, किंवा तिथून अर्ज केला असेल तर मंजुरीच्या दिवशी, लग्नाला दोन वर्षे झाली नसतील तर कार्ड सशर्त आणि दोनच वर्षांचे मिळते. झाली असतील तर दहा वर्षांचे. व्हिसा सीआर-१ (सशर्त जोडीदार) चा छापला आहे आणि लग्नाचा दुसरा वाढदिवस आठवड्यावर आला आहे, तर तो उलटल्यावर विमान पकडा आणि विमानतळावर अधिकाऱ्याला विवाह प्रमाणपत्र दाखवून आयआर-१ (बिनशर्त) म्हणून नोंद करायला सांगा. त्याने अट काढून घेण्याच्या आय-७५१ या अर्जाचे ७५० डॉलर आणि पुढची प्रतीक्षा वाचते.

आय-७५१ कार्ड संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून भरायचा असतो. आधी भरला तर परत येतो, उशीर झाला तर दर्जाच धोक्यात. पावती आली की कार्डाची मुदत ४८ महिने वाढते, म्हणून कार्ड आणि पावती सोबत ठेवा. घर बदलले तर १० दिवसांत एआर-११ भरून पत्ता कळवा. पहिल्या दिवसापासून एक फाइल करा: भाड्याचा करार, एकत्र टॅक्स रिटर्न, संयुक्त खाते, विमा. दोन वर्षांनी हे गोळा करणे फार जड जाते.

लग्न मोडले तरी मार्ग संपत नाही. घटस्फोट झाला असेल तर लग्न खरे होते हे दाखवून आय-७५१ एकट्यानेही भरता येतो. मारहाण, धमक्या, पासपोर्ट काढून घेणे, ‘तक्रार केलीस तर परत पाठवीन’ असे म्हणणे चालू असेल, तर अत्याचारग्रस्त जोडीदार आय-३६० हा अर्ज स्वतः, नवऱ्याला किंवा बायकोला न कळू देता भरू शकतो. हा हक्क पुरुषांनाही आहे. १-८००-७९९-७२३३ ही राष्ट्रीय हेल्पलाइन चोवीस तास चालते, आणि न्यू जर्सीतली ‘मानवी’ ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करते. पासपोर्ट, कार्ड आणि विवाह प्रमाणपत्राचे फोटो माहेरच्या कुणाकडे तरी पाठवून ठेवा. हे सुखाच्या संसारातही करावे.

ग्रीन कार्ड मिळाल्यावर भारतात लांब मुक्काम करायचा असेल, तर सहा महिन्यांपलीकडे प्रश्न विचारले जातात. वर्षभराहून जास्त राहायचे असल्यास अमेरिकेत असतानाच री-एंट्री परमिटचा, म्हणजे परत येण्याच्या परवान्याचा, अर्ज करा. भारतातली मुदत ठेव, पीपीएफ आणि बचत खाती मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार हे परदेशी खात्यांचे विवरणपत्र भरावे लागते. त्यातले व्याजही अमेरिकी रिटर्नमध्ये दाखवायचे असते.

नागरिक जोडीदारासोबत नांदत असाल, तर ग्रीन कार्ड मिळाल्यापासून ३ वर्षांनी नागरिकत्वाचा एन-४०० भरता येतो, आणि तोही ती मुदत पुरी होण्याच्या ९० दिवस आधीपासून. त्या तीन वर्षांतले किमान १८ महिने प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेले हवेत. आय-७५१ अजून लटकलेला असला तरी एन-४०० भरायला हरकत नाही, बऱ्याचदा दोन्हींचा निकाल एकत्रच लागतो. शपथ घेतली की भारताचे नागरिकत्व संपते. त्यानंतर भारतीय पासपोर्ट परत करून तसे प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि ओसीआयच्या (परदेशस्थ भारतीय नागरिक कार्डाच्या) अर्जाला ते जोडायचे असते.